दुर्बीण-कम-बेड

आमच्या हॉलमध्ये एक सोफा-कम-बेड आहे. २००९ साली मी तो स्वतः जाऊन, स्वतः पसंत करून, दुकानदाराशी दोनशे रुपयांसाठी पाऊण तास घासाघीस करून आणला. दिवसा सोफा, रात्री बेड, एका किमतीत दोन वस्तू, असा सरळ हिशेब होता. प्रत्यक्षात त्याच्यावर बसलं की माणूस मागे मागे घसरत जातो आणि गुडघे हनुवटीला येऊन टेकतात. झोपलं तर नेमकी कमरेखाली एक लोखंडी पट्टी येते, आणि त्या पट्टीमुळे आमच्याकडे चार दिवस राहायला म्हणून आलेले पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं परत जातात. म्हणजे वस्तू अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. पण त्या खरेदीनंतर बायकोनं मला एक वाक्य ऐकवलं होतं: ‘‘अहो, ज्याच्या नावात कम असतं ना, त्याच्यात दोन्ही गोष्टी कमच असतात.’’

सोळा वर्षांनी मी दुर्बीण घ्यायला निघालो, तेव्हा हे वाक्य मला आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

त्याचं असं झालं, की आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या एका पोरानं डबा खाता खाता मोबाईलवर मला एक फोटो दाखवला. गुलाबी, जांभळा, मधेच निळसर असा काहीतरी ढग आणि त्यात चमचमणारे तारे. मला वाटलं, कुणाच्या तरी लग्नातल्या शालूचा पदर असावा. तो म्हणाला, ‘‘सर, हा मृगातला तेजोमेघ. मीच काढलाय, भोरजवळ जाऊन.’’ आता, मी हे सगळं कौतुकानं ऐकून पोळी-भाजी खात राहिलो असतो तर आज माझे तीस हजार रुपये आणि सोसायटीतली अब्रू, दोन्ही जागेवर असती. पण माझ्या आत एक जुनी जखम होती. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मी सहावीत होतो. वडिलांनी पहाटे चारला उठवून, मफलर गुंडाळून, वाड्याच्या गच्चीवर नेऊन, ‘‘तो बघ, तो बघ’’ म्हणून अंधारात कुठेतरी बोट दाखवलं होतं, आणि थंडीनं दात वाजत असल्यामुळे आणि खाली जाऊन झोपायची घाई असल्यामुळे मी ‘‘दिसला, दिसला’’ म्हणून मोकळा झालो होतो. धूमकेतू ७६ वर्षांनी येतो. खोटं रोज आठवतं.

तर मी ठरवलं, आता बघायचंच. आणि नुसतं बघायचं नाही, तर फोटोही काढायचे. डब्याच्या वेळेला दाखवायला आपल्याही मोबाईलमध्ये एक शालू हवा.

पुढचे अडीच महिने मी अभ्यास केला. दहावीला केला असता तर आयुष्य वेगळं झालं असतं, इतका केला. दुर्बिणींमध्ये मुख्यतः तीन जाती असतात, हे मला कळलं. पहिली लेन्सची, म्हणजे चित्रातल्या गॅलिलिओच्या हातात असते तशी सडपातळ. दुसरी आरशाची, जी न्यूटननं १६६८ मध्ये पहिल्यांदा बनवली. हिच्यात तळाशी आरसा असतो आणि बघायचं मात्र वरच्या टोकाला, बाजूनं. तिसरी लेन्स आणि आरसा दोन्ही असलेली, बुटकी, गुबगुबीत आणि माझ्या पगाराकडे तुच्छतेनं बघणारी. तिला मी पहिल्याच दिवशी नमस्कार केला.

आणखी एक ज्ञान मिळालं, ते एका दुकानाच्या काचेआड. तिथे खेळण्यातली वाटावी अशी ६० मिलिमीटरची दुर्बीण होती आणि खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘६७५ पट मोठं दिसेल’. मी जवळजवळ पाकीट काढलं होतं. पण अभ्यास आडवा आला. कितीपट मोठं दिसेल हा आकडा काही दुर्बिणीच्या अंगचा गुण नाही. मुख्य आरशाची किंवा लेन्सची नाभीय लांबी भागिले डोळ्याला लावायच्या आयपीसची नाभीय लांबी, एवढाच तो भागाकार. आयपीस बदला, आकडा बदलतो. खरी गोष्ट म्हणजे तोंड किती रुंद आहे आणि आत प्रकाश किती येतो. आमच्या आईच्या भाषेत सांगायचं तर तोंडाची रुंदी म्हणजे पातेल्यातली आमटी, आणि पट वाढवणं म्हणजे त्यात पाणी ओतणं. ओतत राहिलात तर पंचवीस माणसांना वाढता येईल, पण मग तिला आमटी म्हणता येणार नाही. साधारण हिशेब असा, की रुंदीच्या मिलिमीटरची दुप्पट, तिथपर्यंत पाणी चालतं. म्हणजे त्या खोक्यातल्या दुर्बिणीला १२० पट पुरे होते. उरलेले ५५५ पट नुसतंच पाणी.

हे कळल्यावर मला स्वतःबद्दल फार आदर वाटला. तो आठवडाभर टिकला.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला या विषयात सल्ल्याची वाण नाही. इथे ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवते आहे. नारळीकरांनी उभी केलेली आयुका आहे. खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आभाळाकडे कान लावून बसल्या आहेत. मी एका आकाशदर्शनाच्या रात्री, गावाबाहेरच्या माळावर, कानटोपी घातलेल्या एका गृहस्थांना गाठलं. तीस वर्षं हेच करत आले होते. त्यांना म्हटलं, ‘‘दुर्बीण घ्यायची आहे.’’ त्यांनी थर्मासमधून चहा ओतला आणि एकच प्रश्न विचारला.

‘‘बघणार की काढणार?’’

म्हणजे डोळ्यानं बघणार की फोटो काढणार. मी म्हटलं, ‘‘दोन्ही.’’ त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी आधी एकदाच पाहिली होती, सोफा-कम-बेडवर झोपून उठलेल्या माझ्या साडूच्या डोळ्यांत.

त्यांनी शांतपणे समजावलं. बघायचं असेल तर जेवढा मोठा परवडेल तेवढा आरसा घ्या, आठ इंची मिळाला तर उत्तम, आणि तो साध्या लाकडी खोक्यावर ठेवा. वर-खाली आणि गोल फिरला की झालं. या बैठकीला डॉब्सोनियन म्हणतात, कारण जॉन डॉब्सन नावाच्या माणसानं ती लोकप्रिय केली. हा डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोला रामकृष्ण संप्रदायाच्या वेदान्त मठात संन्यासी होता. जहाजाच्या खिडकीच्या जाड काचा घासून आरसे करायचा, पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसवायचा आणि पुढे मठाबाहेर पडल्यावर तर सरळ फूटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचा. ‘‘आणि काढायचं असेल,’’ ते म्हणाले, ‘‘तर पैसे नळीत घालू नका, खालच्या बैठकीत घाला. सत्तर-ऐंशी मिलिमीटरची चांगली लेन्स पुरते, पण माउंट दणकट हवा, विषुववृत्तीय हवा आणि त्याला मोटर हवी. पृथ्वी फिरतीये हो सारखी.’’

‘‘आणि दोन्ही हवं असेल तर?’’

‘‘तर दोन दुर्बिणी घ्या. किंवा सध्या काहीच घेऊ नका. एक दहा-बाय-पन्नासची द्विनेत्री घ्या, सहा महिने आकाश ओळखायला शिका, मग या.’’

इतका नेमका, इतका स्वस्त आणि इतका निःस्वार्थ सल्ला मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी त्यांचे आभार मानले, दुसरा कप चहा घेतला, घरी आलो आणि तिसरीच वस्तू मागवली.

१३० मिलिमीटर, म्हणजे पाच इंचांहून किंचित मोठा आरसा. म्हणजे बघायला बऱ्यापैकी. खाली विषुववृत्तीय माउंट. म्हणजे फोटोला बऱ्यापैकी. मोटर वेगळी घ्यावी लागत होती, ती मी ‘पुढे बघू’ म्हणून सोडली. जशी लग्नात वाजंत्री नंतर सांगू म्हणून सोडावी. लाकडी खोकं मला घ्यायचं नव्हतं, कारण तीस हजार घालून माळ्यावरच्या खोक्यासारखं काहीतरी घरी आणलं, तर बायकोला काय सांगणार होतो?

तिला काही सांगावं लागलंच नाही. आईनंच विषय संपवला. ‘‘कशासाठी घेतोयस रे ती?’’ तिनं वाती वळता वळता विचारलं. मी म्हटलं, ‘‘अगं, मुख्य म्हणजे शनी बघायचाय. त्याची कडी दिसतात त्यातून.’’ आईच्या हातातली वात थांबली. माझी रास मीन. २०२५ च्या मार्चअखेरीस शनी मीन राशीत आल्याचं तिनं पंचांगात पाहून ठेवलेलं होतं. ‘‘साडेसातीचा मधला टप्पा चाललाय तुझा,’’ ती म्हणाली. ‘‘लोक शनीला लांबून तेल घालून म्हणतात, बाबा, माझ्याकडे बघू नकोस. आणि हा पैसे मोजून त्याला जवळून बघायला निघालाय!’’

दुर्बीण आली जूनच्या पहिल्या आठवड्यात. तिच्या मागोमाग, त्याच संध्याकाळी, पाऊस आला.

आमच्याकडे पावसाळ्यात तारे दिसत नाहीत हे मला माहीत नव्हतं असं नाही; एकावन्न पावसाळे मी याच देशात काढलेत. पण खरेदीच्या भरात माणूस ऋतू बघत नाही. तर जून, जुलै, ऑगस्ट आणि बराचसा सप्टेंबर ती दुर्बीण हॉलमध्ये सोफा-कम-बेडच्या शेजारी उभी होती. दोघांचं लगेच जमलं. तिचा माउंट म्हणजे एक अजब प्रकरण आहे. साधा कॅमेऱ्याचा स्टँड कसा सरळमार्गी असतो. हा मान तिरकी करून उभा, कारण त्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवायचा असतो. एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूला तिचा तोल सांभाळायला लोखंडी दांडा आणि त्यावर वजनं. एखादा पैलवान डंबेल घेऊन लचकला आणि तसाच राहिला, असं ते दिसतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सलग नऊ दिवस ऊन नाही म्हटल्यावर, त्या दांड्यावर मला माझं पहिलं बनियन वाळत घातलेलं दिसलं. मी निषेध केला. बायको म्हणाली, ‘‘तुम्हीच म्हणालात ना, दोन्ही कामांना येते म्हणून?’’

त्या चार महिन्यांत मी आणखी एक पराक्रम केला. आरशाच्या दुर्बिणीत दोन आरसे असतात, तळाचा मोठा आणि तोंडाशी तिरका छोटा, आणि दोघांची पत्रिका जुळवावी लागते. मागे त्यासाठी तीन-तीन स्क्रू असतात. पत्रिका कारखान्यातून जुळूनच आली होती. तरी ‘स्क्रू सैल आहेत का बघावं’ म्हणून मी ते फिरवून पाहिले. होते. म्हणजे, पाहिल्यानंतर होते. मग तीन रविवार मी आत डोळा घालून स्क्रू पिळत बसलो होतो. मला त्यात एकच गोष्ट स्पष्ट दिसायची: माझा स्वतःचा डोळा, भलामोठा, आणि घाबरलेला.

सप्टेंबरच्या शेवटाला एकदाचं आभाळ उघडलं. आमची लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत. गच्चीसाठी वर आणखी एक जिना. नळी एका खेपेत, माउंट दुसऱ्या, वजनं तिसऱ्या, आयपीसचा डबा, टॉर्च, ओडोमॉस आणि प्लॅस्टिकची खुर्ची चौथ्या, आणि पाचवी खेप गच्चीच्या किल्लीसाठी वॉचमनकडे. वर पोचलो तेव्हा मला माझ्याच डोळ्यांपुढे इतके तारे दिसत होते की दुर्बिणीची गरज भासू नये.

पहिलं काम, ध्रुवतारा. विषुववृत्तीय माउंटचा तो तिरका अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, तरच एक बटण फिरवून ताऱ्याचा पाठलाग करता येतो. ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच दिसतो? तर आपल्या गावाचा अक्षांश जेवढा, तेवढ्या अंशांवर. पुण्यात साडेअठरा. लहानपणापासून ध्रुवाची गोष्ट ऐकलेली. कुणी हलवू शकणार नाही असं अढळपद त्याला मिळालं, वगैरे. उत्तरेला बरोबर साडेअठरा अंशांवर आमच्या शेजारच्या सोसायटीची पाण्याची टाकी आहे. अढळपद सध्या तिच्याकडे आहे.

मग मी अंदाजानं दिशा धरली आणि अभिजित ताऱ्यावर नळी वळवली. आयपीसमध्ये अंधार. नळी हलवली, अंधार. दहा मिनिटांनी आठवलं, तोंडावरचं झाकण! त्या मोठ्या झाकणाच्या मधोमध एक छोटं झाकण असतं. मी ते छोटं काढलं. आता काहीतरी मिणमिणतं दिसू लागलं आणि मी तब्बल अर्धा तास त्या अडीच बोटांच्या भोकातून ब्रह्मांड बघत होतो, ‘पुण्याच्या आकाशात प्रकाश-प्रदूषण फारच वाढलंय’ असं स्वतःशी म्हणत. मोठं झाकण जागच्या जागी होतं. पाच इंची आरशाचे पैसे दिले आणि दीड इंच वापरला.

प्रकाश-प्रदूषणाचं म्हणाल तर ते आहेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती, नायगमवाला तिचे प्रमुख, आणि तिथे वीस इंची आरशाची दुर्बीण होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. कारणं इतिहासात असतील. मला वाटतं, तिला आमच्या गच्चीवरच्या हॅलोजनची चाहूल लागली असावी.

झाकण निघाल्यावर आता नळीला काहीतरी ठळक दाखवावं म्हणून मी ती खाली, समोरच्या इमारतीवरच्या लाल दिव्याकडे वळवत होतो, नळीवरचा नेम धरायचा छोटा फाइंडर जुळवायला. माउंट तिरका असल्यामुळे उजवीकडे ढकललं की नळी उजवीकडे जात नाही. ती स्वतःच्या मनानं एक सुंदर कमान करत कुठेतरी तिसरीकडेच जाते. कमान जिथे संपली तिथे चौथ्या मजल्यावरचं एक स्वयंपाकघर होतं. आरशाच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, त्यामुळे मला छताला चिकटलेल्या गॅसवर उलटी कढई आणि तिच्यातून वर, म्हणजे खाली, न सांडणारी भजी दिसली. मी शास्त्रीय कुतूहलानं बघत राहिलो. कढईमागच्या बाईंना शास्त्रात रस नसावा. पंधरा मिनिटांत दोन्ही सोसायट्यांचे सेक्रेटरी गच्चीवर होते. मी ‘‘उलटं दिसतं हो, ओळखूसुद्धा येत नाही,’’ असा बचाव केला. तो कुणालाच पटला नाही.

बायकोनं मात्र माझी बाजू घेतली. ती सेक्रेटरींना म्हणाली, ‘‘यांना चंद्र सापडत नाही अजून. तुमचं स्वयंपाकघर कुठून सापडणार?’’

हे खरंच होतं. चंद्र सापडायचा, पण टिकायचा नाही. आकाश तासाला पंधरा अंश सरकतं, म्हणजे चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका पुढे जातो. पट वाढवले की दुर्बिणीत दिसणारा आकाशाचा तुकडा तेवढाच लहान होतो आणि त्यातून सगळं भुर्रकन निघून जातं. मी काहीतरी पकडून ‘‘अगं, लवकर ये!’’ म्हणून हाक मारायची; तिनं खाली दुधाचा गॅस बारीक करायचा, चष्मा शोधायचा, जिना चढायचा, आणि वाकून बघेपर्यंत तिथे नुसतंच काळं. ‘‘छान आहे,’’ ती म्हणायची. वडिलांना मी १९८६ मध्ये म्हणालो होतो, अगदी त्याच सुरात.

एकदा मी तिला देवयानी दीर्घिका बरोबर मधोमध दाखवली. पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब, अब्जावधी ताऱ्यांची. तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, ‘‘काचेवर फुंकर मारलीत का? धुरकट डाग दिसतोय.’’ तोच डाग म्हणजे देवयानी. अंधारात आपल्या डोळ्याला रंग फारसे कळत नाहीत आणि डोळा प्रकाश साठवूनही ठेवत नाही. कॅमेरा मिनिटामिनिटांचा प्रकाश गोळा करतो, म्हणून शालू त्याला दिसतो. डोळ्याला राखाडी धूसरपणा. म्हणजे शालू हवा तर आता फोटोच काढणं आलं.

कॅमेरा मेहुण्याकडून आणला. तो देताना म्हणाला, ‘‘भावजी, जपून हं.’’ पहिला अडथळा असा आला की चित्र स्पष्टच होईना. फोकसचं चाक फिरवून नळी आत, आणखी आत, पार टेकेपर्यंत आत नेली. अजून थोडी आत जायला हवी होती, पण पुढे जागाच नाही. डोळ्यानं बघण्यासाठी बनवलेल्या अशा दुर्बिणींमध्ये कॅमेऱ्याच्या पडद्यापर्यंत चित्र पोचतच नाही, हे कानटोपीवाल्या गृहस्थांनी बहुधा तिसऱ्या कपाच्या वेळी सांगितलं असतं. मी दोनच घेतले होते. मग मधे एक बार्लो लेन्स घातली, तेव्हा चित्र पोचलं, पण पट दुप्पट झाले. कॅमेऱ्याच्या वजनानं नळीनं मान टाकली. मान सावरायला वजन सरकवलं तर माउंटनं. शेवटी त्या दांड्यावर तोल साधायला मी घरातली एक किलो साखरेची पुडी पिशवीत घालून टांगली, आणि तीस सेकंदांचा पहिला फोटो काढला.

फोटोत शेवया होत्या. पांढऱ्या, लांब, एकाच दिशेनं गेलेल्या, सुरेख सुटसुटीत शेवया. मोटर नाही, ध्रुव टाकीमागे. त्या तीस सेकंदांत पृथ्वी आपलं काम करत राहिली. दोन सेकंदांवर आलो तेव्हा शेवयांचा बासमती झाला. देवयानीचा फोटोही काढला. तिच्यापासून निघालेला प्रकाश पंचवीस लाख वर्षं सरळ रेषेत चालत आला होता. माझ्या गच्चीवर येऊन वाकडा झाला.

परत खाली आलो तेव्हा साखरेच्या पुडीला मुंग्या लागल्या होत्या. कॅमेऱ्यालाही.

आणि मग कोजागरी आली. सेक्रेटरींचा राग तोवर निवळला होता. त्यांनी स्वतःच निरोप पाठवला की मसाला दुधाबरोबर ‘आकाशदर्शनाचा कार्यक्रम’ ठेवू. आम्ही कोजागरीला चंद्राची पूजा करतो, पण दुर्बिणीसाठी पौर्णिमेसारखी वाईट रात्र नाही: ऊन समोरून पडल्यामुळे विवरांना सावल्या नसतात, सगळं सपाट आणि डोळे दिपवणारं. सावल्या बघायच्या तर अष्टमीच्या आसपास बघावा. पण केशर घातलेलं दूध अष्टमीला कोण देतं? तर साठ माणसं रांगेत उभी राहून, एक डोळा मिटून, ट्यूबलाइटमध्ये बघितल्यासारखं डोळे पुसत परत गेली. ‘‘भारीच तेज आहे हो,’’ सगळे म्हणाले. त्यात माझा काही वाटा नव्हता.

मग तिसऱ्या मजल्यावरची पाचवीतली मुलगी आली. ‘‘काका, चंद्र नको. शनी दाखवा. कडी दाखवा.’’

शनी चंद्राच्या जवळच, जरा वर, शांतपणे पिवळा उभा होता. मी आयुष्यात पहिल्यांदा पहिल्याच झटक्यात एखादी गोष्ट पकडली. बार्लो घातली. आणि आत डोकावलो.

कडी नव्हती.

मी डोळा चोळला. आयपीस पुसला. झाकणं तपासली, दोन्ही. साबुदाण्याएवढा गोल शनी होता, पण ज्या कड्यांसाठी मी अडीच महिने अभ्यास केला, चार महिने बनियनं वाळवली आणि एका कुटुंबाची भजी पाहिली, त्या कड्यांच्या जागी एक बारीक रेघ. मुलीनं पाहिलं आणि मोठ्या माणसाच्या आवाजात मला समजावलं, ‘‘काका, यंदा ती कडेनं दिसतायत. मार्चमध्ये तर अजिबात दिसली नसती. साधारण पंधरा वर्षांनी असं होतं. टीचरनी सांगितलंय.’’

कड्यांची रुंदी पावणेतीन लाख किलोमीटर, पण जाडी बहुतेक ठिकाणी आमच्या चार मजली बिल्डिंगच्या आगेमागे. कागद कडेनं धरला की कसा नाहीसा होतो, तसं. गॅलिलिओचीही हीच फजिती झाली होती. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन बाजूंना काहीतरी दिसलं आणि १६१२ मध्ये ते गायब. शनीनं आपली पोरं गिळली की काय, असा प्रश्न त्याला पडला. कड्यांचा उलगडा हायगेन्सनं १६५९ मध्ये छापला. म्हणजे संगत थोरांची होती, एवढं समाधान. पण मी मनातल्या मनात तारखा लावल्या: २३ मार्च २०२५ ला पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, आणि त्याच आठवड्यात, आईच्या पंचांगानुसार, शनी माझ्या राशीला आला. माझ्याकडे येताना त्यानं दागिने घरी ठेवले होते.

सगळ्यात शेवटी बायको आली. दूध संपलं होतं, पातेलं धुवायला गेलं होतं, तिला घाई नव्हती. मी शनी पुन्हा मधोमध आणला आणि बाजूला झालो. ती वाकली. या वेळी ‘छान आहे’ म्हणाली नाही. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘अहो, नथीतला मोती. तारेत ओवलेला.’’

मी पाहिलं. खरंच, आडवी सोन्याची तार आणि मधे मोती. एवढं नीट मला मघाशी दिसलं नव्हतं. मी कडी शोधत होतो. आम्ही आळीपाळीनं बघत राहिलो, तो सरकत राहिला, मी हळूहळू चाक फिरवत राहिलो, आणि त्या तिरक्या माउंटनं त्या रात्री पहिल्यांदा मला साथ दिली. चंद्र बराच वर आला तेव्हा ती म्हणाली, ‘‘फोटो काढलात का?’’

कॅमेरा खाली, सोफा-कम-बेडवर होता. ‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘बघत होतो.’’

कानटोपीवाल्यांना उत्तर द्यायला मला तीस हजार रुपये आणि पाच महिने लागले, पण मिळालं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी मी उत्साहानं बायकोला सांगितलं, की काळजी नको, आता कडी दरवर्षी थोडी थोडी उघडत जाणार, २०३२ च्या सुमाराला पूर्ण पसरलेली दिसणार, आणि तोवर मी मोटर घेईन, किंवा खरं म्हणजे ते लाकडी खोकं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘याच्या आधी कधी नाहीशी झाली होती?’’

मी सांगितलं. ‘‘२००९ मध्ये. सप्टेंबरात.’’

ती सोफा-कम-बेडकडे बघत राहिली. मग दांड्यावरच्या बनियनकडे. मग पुन्हा सोफा-कम-बेडकडे.

‘‘आणि यापुढे?’’

‘‘२०३८.’’

तिनं गॅसच्या नंबरांची वही घेतली, शेवटचं पान उघडलं आणि ठळक अक्षरांत लिहून ठेवलं: २०३८. यांना दुकानात पाठवू नये.